एकाच लांबीचा हायब्रिड आणि मिश्र पिशवी : एक हिशेब

(द्वितीय वर्ष बी. कॉम.)

गोल्फ हा साहेबांचा खेळ अशी आपली समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी आहे असे म्हणवत नाही. परंतु ज्या मैदानावर साहेब खेळतो त्याच मैदानावर त्याची पिशवी खांद्यावर घेऊन एक कॅडी चालत असतो, आणि मैदान रिकामे झाले की तोही चार फटके मारून पाहतो. २००८ साली दिल्लीची इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकणारा एस. एस. पी. चौरासिया हा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा. तेव्हा या खेळातील एका तांत्रिक प्रश्नाचा विचार वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने करावा यात वाचकांनी फारसे आश्चर्य मानू नये. प्रश्न तांत्रिक असला तरी त्याचे मूळ खिशात आहे.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली आली. लांब मारण्यासाठी ड्रायव्हर व वुड, मधल्या अंतरांसाठी क्रमांक घातलेले आयर्न, जवळून उचलून टाकण्यासाठी वेज आणि शेवटी चेंडू खळग्यात ढकलण्यासाठी पटर. आयर्नचा क्रमांक एकाने वाढला की दांडी सुमारे अर्ध्या इंचाने आखूड होते, डोके सुमारे सात ग्रॅमने जड होते आणि लॉफ्ट, म्हणजे फळीचा मागे झुकलेला कोन, साधारण चार अंशांनी वाढतो. आज तीन नंबर एकोणचाळीस इंचांचा, सात नंबर सदतीसचा आणि नऊ नंबर छत्तीसचा असतो. दांडी आखूड होताना डोके जड होत गेल्यामुळे हाताला सर्व क्लब सारख्याच वजनाचे भासतात. ही योजना मोठी हुशारीची आहे. मात्र प्रत्येक क्लबला उभे राहण्याची जागा, पाठीचा वाक आणि चेंडूचे स्थान थोडे थोडे बदलावे लागते, हा तिचा खर्च होय.

तीन आणि चार नंबरचे लांब आयर्न सामान्य खेळाडूला कधीच नीट वश झाले नाहीत. त्यांच्या जागी हायब्रिड आला. त्याचे डोके मागे फुगीर, तळ रुंद आणि वजन खाली व मागच्या बाजूस. त्यामुळे चेंडू सहज वर उठतो. २००४ च्या ब्रिटिश ओपनमध्ये टॉड हॅमिल्टनने ग्रीनजवळचे नाजूक फटकेसुद्धा हायब्रिडने मारून एर्नी एल्सला हरवले. २००९ च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत कोरियाच्या वाय. ई. यांगने टायगर वुड्सविरुद्ध अखेरच्या होलवर सुमारे दोनशे यार्डांवरून हायब्रिडनेच चेंडू झेंड्याजवळ नेला. आपल्या बेंगळूरची अदिती अशोक हिचे उदाहरण तर आणखी जवळचे. २०२० चे टोकियो ऑलिंपिक २०२१ साली झाले, त्यात तिचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले. तिचा पहिला फटका इतर स्पर्धकांच्या मानाने आखूड पडत असे. साहजिकच ग्रीनकडे जाताना तिला वुड व हायब्रिड यांवर अधिक भिस्त ठेवावी लागत होती.

आता एकाच लांबीची कल्पना. सर्व आयर्न सात नंबरएवढ्या लांबीचे करावेत, सर्वांची डोकी एकाच वजनाची ठेवावीत, फरक फक्त लॉफ्टचा. मग उभे राहण्याची पद्धत एकच, झोका एकच. व्यवस्थापनाच्या तासाला आपण प्रमाणीकरण म्हणून जे शिकतो तेच हे. अमेरिकेत टॉमी आर्मर कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ईक्यूएल नावाने असा संच काढला, पण तो फार टिकला नाही. पुढे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी असलेल्या ब्रायसन डीशँबो याने साडेसदतीस इंचांच्या आयर्ननी २०१५ साली अमेरिकेची महाविद्यालयीन वैयक्तिक आणि हौशी अशी दोन्ही अजिंक्यपदे एकाच वर्षात मिळवली, आणि २०२० व २०२४ साली यू. एस. ओपनही जिंकली. कोब्रा कंपनीने २०१७ पासून असे आयर्न बाजारात आणले व जोडीला त्याच लांबीचे हायब्रिडही काढले.

प्रमाणीकरणाची किंमत कोठेतरी मोजावी लागतेच. येथे ती अंतरात मोजावी लागते. दांडी आखूड झाली की डोक्याचा वेग कमी होतो. त्यामुळे चार-पाच नंबरचे आयर्न सात नंबरच्या लांबीचे केले की चेंडू पुरेसा उंच जात नाही, आणि वरच्या क्लबांतील अंतरे एकमेकांत घुसू लागतात. खालच्या टोकाला याच्या उलट होते : वेज लांब झाल्यामुळे चेंडू गरजेपेक्षा पुढे जातो. ईक्यूएलवरील मुख्य आक्षेप हाच होता. वरच्या टोकावरचा उपाय म्हणजे हायब्रिड. त्याचे खाली-मागे ठेवलेले वजन चेंडू वर उचलते आणि गेलेल्या वेगाची थोडी भरपाई करते. म्हणूनच एकाच लांबीच्या योजनेत मला सर्वांत पटणारा क्लब कोणता, असे विचाराल तर तो हायब्रिड होय.

आमच्या गल्लीत कॅडीचे काम करणारा एक तरुण राहतो. मैदानावर तो मराठी, कानडी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलतो, आणि त्याची पिशवीही तशीच आहे. नऊ क्लब, चार निरनिराळ्या संचांतले, बहुतेक कोणीतरी टाकून दिलेले. पाच नंबरच्या वर एकदम पाच नंबरचा वुड; मध्ये काहीच नाही. एका नव्या क्लबची किंमत म्हणजे त्याची अनेक दिवसांची मजुरी. पैसे साठवून त्याला ही पोकळी एकाच हायब्रिडने भरून काढावयाची आहे. "तू कॉमर्सवाला ना, मग हिशेब करून सांग," असे तो म्हणाला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रीमंत खेळाडूपुढे चौदापैकी कोणता क्लब काढावा हा प्रश्न असतो. या तरुणाला चौदाची मर्यादा लागूच नाही; त्याची मर्यादा एक आहे. त्यामुळे चूक झाल्यास ती बदलून घेण्याची सोय त्याला नाही.

नेहमीचा चार नंबरचा हायब्रिड सुमारे साडेएकोणचाळीस इंचांचा असतो, म्हणजे एकाच लांबीच्या हायब्रिडहून दोन-एक इंच मोठा. नीट लागला तर तो नक्कीच लांब जाणार. परंतु खेळाडूने सर्वांत चांगला फटका आठवून खरेदी करू नये. संख्याशास्त्रात आपण सरासरी आणि प्रमाण विचलन शिकतो ते येथे कामास येते. केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, नेहमीच्या हायब्रिडचे पाच फटके १८२, १७८, १४०, १७५ आणि १३५ यार्ड गेले. सरासरी १६२. एकाच लांबीच्या हायब्रिडचे पाच फटके १६८, १६६, १६०, १६७ आणि १५९ गेले. सरासरी १६४. सर्वांत लांब फटक्यात चौदा यार्डांचा तोटा आणि तरीही सरासरीत दोन यार्डांचा नफा! प्रमाण विचलन पहिल्याचे २०.२, दुसऱ्याचे अवघे ३.७. ग्रीनच्या अलीकडे पाणी किंवा वाळू असेल तर पहिल्या क्लबने कोठे नेम धरावा हेच कळणार नाही.

अर्थात आकडे मी निवडले असल्यामुळे निकालही माझ्या बाजूचा लागला, हे चाणाक्ष वाचकाने ओळखलेच असेल. ज्याचे पाचही फटके फळीच्या मध्यावर बसतात त्याने आखूड क्लब घेऊन वेग घालवण्यात काहीच अर्थ नाही. त्याच्या बाबतीत आणखी एक तोटा होईल : आखूड हायब्रिड १६५ यार्डांवर थांबला आणि वुड १९० ला सुरू झाला तर मध्ये पंचवीस यार्डांचे खिंडार तसेच राहील. म्हणून दोन्ही प्रकारचे क्लब कोणाकडून तरी तासाभरापुरते मागून घ्यावेत, प्रत्येकी निदान दहा चेंडू मारावेत आणि वाईट फटकेही वहीत लिहावेत. वाईट फटके वगळून केलेली सरासरी म्हणजे बुडीत कर्जे न दाखवता छापलेला ताळेबंद.

एक शॉर्टकट सुचवला जातो, त्यापासून दूर राहावे. तो म्हणजे जुना हायब्रिड स्वस्तात घेऊन त्याची दांडी दोन इंच कापणे. लांबी जुळेल, बाकी काही जुळणार नाही. अर्धा इंच कापला की हाताला तेच वजन भासण्यासाठी डोक्यात सहा-सात ग्रॅम वाढवावे लागतात. दोन इंचांना पंचवीस ग्रॅमच्या आसपास. एवढी शिशाची पट्टी डोक्यावर चिकटवणे सोपे नाही. कापलेली दांडी अधिक ताठर होते. शिवाय लांब क्लबची दांडी जमिनीशी अधिक कललेली असते. तोच क्लब आखूड करून सात नंबरसारखा धरला तर टाच उचलली जाते, पुढचे टोक जमिनीत रुतते आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे सुटतो. आयर्नची मान वाकवून हा कोन दुरुस्त करता येतो, बहुतेक हायब्रिडांची तशी वाकवता येत नाही.

आणि मिश्र पिशवीत सर्वांत फसवी वस्तू म्हणजे क्लबच्या तळावर कोरलेला क्रमांक. किलो सर्वत्र किलोच असतो, पण 'सात नंबर' हे काही माप नव्हे. १९७० च्या दशकातील सात नंबरचा लॉफ्ट अडतीस अंशांच्या आसपास असे. आजच्या अनेक सात नंबरांचा तीस किंवा त्याहूनही कमी आहे. जुन्या पाच नंबरच्या वरचा म्हणून नवा चार नंबर घेतला तर दोहोंत एका पायरीचे अंतर पडेल असे मुळीच नाही. क्रमांक बाजूला ठेवून लॉफ्ट अंशांत विचारावा आणि आपल्या पाच नंबरचाही मोजून घ्यावा.

लांबीचेही तसेच. एकाच लांबीचा म्हणजे कोणाच्या लांबीचा? कंपनीने ती आपल्या सात नंबरशी जुळवलेली असते, आपल्या पिशवीतल्या सातशी नव्हे. जुन्या संचातील सात नंबर बहुधा आजच्याहून अर्धा इंच आखूड असतो. तेव्हा नवा हायब्रिड आपल्या पिशवीतील सहाशी, कदाचित पाचशीसुद्धा जुळेल. टेप लावून ज्याच्याशी जुळेल त्या क्लबचे उभे राहणे व चेंडूचे स्थान हायब्रिडला द्यावे. आणि जुळणारा तो क्लबच आपल्याला नीट लागत नसेल, तर पैसे खर्च करण्यापूर्वी थांबावे.