आपला गृहपाठ ब्राउझरला वाचता येतो का?



जुन्नर असो की आंबेगाव, गृहपाठ आता मोबाईलवर जातो. आपण फळ्याचा फोटो काढतो, पाठवतो, झालं काम! पण वर्गात एखादं अंध किंवा अल्पदृष्टी असलेलं मूल असेल तर? त्याच्या हाती काहीच पडत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, अध्ययन अक्षमता हे त्यातलेच. या मुलांसाठी ब्राउझरमध्ये आणि मोबाईलमध्ये मोफत सोयी आहेत :

१) अक्षर मोठे करणे : संगणकावर कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबा. मोबाईलच्या क्रोममध्ये सेटिंग्जमधील 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडा.

२) रीडर व्ह्यू : फायरफॉक्समधील ही सोय जाहिराती व पसारा बाजूला करून फक्त मजकूर दाखवते. लक्ष विचलित होणाऱ्या मुलांना उपयोगी.

३) स्क्रीन रीडर : पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी सोय. अँड्रॉइडवर टॉकबॅक, विंडोजसाठी एनव्हीडीए.

आता खरी मेख. स्क्रीन रीडर वाचतो ती अक्षरं, जी ब्राउझर त्याला देतो. फोटोत अक्षरं नसतात, नुसतं चित्र असतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला पाठ डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं व चिन्हं साठवलेली असतात. ऐकणाऱ्या मुलाला अगम्य बडबड ऐकू येते. म्हणून पाठ नेहमी युनिकोडमध्येच टाईप करा.

चित्र द्यायचंच असेल तर त्याचं वर्णन लिहा. चौथीच्या इतिहासासाठी शिवनेरीचा फोटो टाकला आणि खाली नुसतं 'फोटो १' लिहिलं, तर मुलाला काय कळणार? त्याऐवजी लिहा : 'शिवनेरी किल्ला. उंच डोंगर, चारही बाजूंना कडे, वर जाणारी पायवाट.' हे वर्णन डोळस मुलांनाही निरीक्षण शिकवतं.

उपक्रम : आज घरी टॉकबॅक सुरू करा (तो बंद कसा करायचा ते आधी पाहून ठेवा). डोळे मिटा आणि स्वतःच पाठवलेला शेवटचा गृहपाठ ऐकून सोडवा. जिथे तुम्ही अडाल, तिथेच ते मूल रोज अडतं. तेवढी जागा दुरुस्त करूया.