वाढीच्या औषधाने तण मरतं कसं?

प्रश्न : उसात रुंद पानांच्या तणासाठी आम्ही टू-फोर-डी मारतो. दुकानदार म्हणतो, हे झाडाच्या वाढीचं हार्मोनच आहे. मग त्याने तण मरतं कसं, आणि उसाला काहीच का होत नाही? वर तोच पंप धुऊन कपाशीवर कीटकनाशक फवारलं, तर तिची पानं वेडीवाकडी झाली. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. टू-फोर-डी हे झाडाचं स्वतःचं संप्रेरक नव्हे, त्याची कारखान्यात केलेली नक्कल आहे. अस्सल संप्रेरक म्हणजे ऑक्झिन. त्यातलं मुख्य रसायन इंडोल ॲसेटिक ॲसिड. (हे १९३४ साली शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं ते माणसाच्या मूत्रातून. झाडाच्या शेंड्यात ते इतकं कमी असतं की तिथून पुरेसं मिळवणं अवघडच होतं.) पेशींनी लांबायचं कधी, मूळ फुटायचं कुठे, शेंडा उजेडाकडे कसा वळायचा, हे ऑक्झिन ठरवतं.

आता एक गैरसमज. संप्रेरक जितकं जास्त तितकी वाढ जास्त, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात प्रमाण थोडं जरी ओलांडलं तरी वाढ खुंटते. म्हणून झाड ऑक्झिन मोकळं सोडत नाही, त्याला बांधून ठेवतं. रेणूचं आम्लाचं टोक एखाद्या शर्करेला किंवा अमिनो आम्लाला जोडलं, की पेशीतल्या ग्राहक प्रथिनात तो रेणू नीट बसत नाही आणि निरोप पोचत नाही. अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात मोकळं ऑक्झिन एकूण साठ्याच्या जेमतेम एक टक्का भरतं. बाकी सगळं बांधलेलं.

बांधलेलं म्हणजे वाया गेलेलं, असंही नाही. मक्याच्या पक्व दाण्यातलं बहुतेक ऑक्झिन शर्करा आणि इनॉसिटॉल यांना जोडलेलं असतं. पेवात घातलेल्या धान्यासारखं ते पडून राहतं, आणि दाणा रुजला की कोंबाकडे जाऊन तिथे सुटं होतं. कडधान्यांत हीच सोय अमिनो आम्लांच्या जोडीने होते. मात्र जोडी कुणाशी जमली यावर पुढचं अवलंबून असतं. ॲलनिन किंवा ल्युसिनशी झालेली जोडी एन्झाइमं पुन्हा तोडू शकतात. ॲस्पार्टेटशी झालेली जोडी सहसा सुटत नाही. ते ऑक्झिन मोडीतच निघतं.

यातली खरी गंमत जीएच-३ नावाच्या एन्झाइमांची. ऑक्झिनला अमिनो आम्ल जोडण्याचं काम त्यांचं, आणि त्यांची जनुकं जागी करतं ते ऑक्झिनच! पेशीत ऑक्झिन वाढलं की त्याला बांधणारी एन्झाइमं वाढतात, आणि पातळी आपोआप खाली येते.

टू-फोर-डी नेमकं इथे दगा देतं. ग्राहक प्रथिनाला ते ऑक्झिनच वाटतं, पण झाडाची नेहमीची बांधाबांध त्याला पुरी पडत नाही. माठ किंवा गाजरगवताच्या पेशीत अमिनो आम्लाशी त्याची जोडी जमली तरी ती सुटू शकते, आणि औषध पुन्हा मोकळं होतं. ‘वाढ, वाढ’ हा निरोप थांबतच नाही. देठ पिळवटतात, खोड फुगून तडकतं, इथिलिन आणि ॲबसिसिक ॲसिड ही दुसरी संप्रेरकं बेसुमार तयार होतात, पर्णरंध्रं मिटतात आणि तण वाळतं. ते ‘वाढून वाढून मेलं’ असं म्हणतात; पण शेवटच्या दिवसांत वाढ बंदच पडलेली असते.

उसाला हे औषध ओळखता येतं, असं मात्र समजू नका. गवतकुळातल्या पिकांत ते शिरतं आणि फिरतं कमी. त्यांचा कोवळा शेंडाही पानांच्या आवरणात झाकलेला असतो. आणि जे आत शिरतं त्याची वासलात निराळी लागते. गव्हासारख्या पिकात आधी टू-फोर-डीच्या कड्यावरच ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडगोळी बसवली जाते, मग त्यावर ग्लुकोज चढवून ते पेशीच्या रिक्तिकेत ढकललं जातं. या बदलानंतर ग्लुकोज सुटलं तरी उरणारा रेणू फारसं काही करू शकत नाही. तणाने नुसती गाठ मारलेली असते. गवताने आधी रेणूच निकामी केलेला असतो.

राहिली कपाशी. तीही रुंद पानांचीच, आणि टू-फोर-डीच्या बाबतीत कमालीची हळवी, द्राक्षवेलीचंही तसंच. पंपाच्या नळीत, वॉशरमध्ये, नोझलच्या जाळीत राहिलेला अंश तिला पुरतो, आणि नवी पानं अरुंद, लांबोडकी निघतात. आधीची पूर्ण उमललेली पानं बहुधा जशीच्या तशी असतील, बघा. कारण बिघाड होतो तो घडत असलेल्या पानात. साध्या पाण्याने एकदोनदा खळबळून हा अंश जात नाही. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि त्यावर रंगाने खूण करा. वारं असताना उसात फवारू नका, विशेषतः बांधापलीकडे कुणाची कपाशी किंवा द्राक्षबाग असेल तर.