चतुर्थीच्या बाजारात बसायचं तर

आई, बाबा,

पेडण्याच्या बाजारात गाळा भाड्याने घ्यायचं तुमच्या मनात आहे, हे कळल्यापासून बोलायचं होतं. धंदा जरूर करा, पण वर्षभराचा गाळा नको. भर पावसात गिऱ्हाईक नसलं तरी भाडं चुकत नाही. निवृत्तीचा पैसा एकदा मालात अडकला की औषधपाण्याला हाताशी राहत नाही. त्यापेक्षा वर्षातले दोनच हंगाम धरा.

पहिला मे महिन्यातला. तेव्हा घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी चालते आणि आपल्या तालुक्यातली हरमलची मिरची वाळून तयार असते. तिला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणूनच, बाबा, बाहेरची स्वस्त मिरची तिच्या नावावर खपवायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. शेतकऱ्याच्या अंगणातून थोडीच घ्या, कडकडीत वाळलेली बघून घ्या. पाऊस लागल्यावर उरलेल्या मिरचीला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

दुसरा चतुर्थीच्या तोंडावरचा, गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या माटोळीसाठी डिचोलीत भरणाऱ्या बाजाराचा. आईचं माहेरच ते, तिला तिथली माणसं ठाऊक. कांगलां, कवंडळं, कुड्याच्या शेंगा मात्र आपण विकायच्या नाहीत. रान तुडवून त्या गोळा करणाऱ्या बायकांची ती हक्काची कमाई आहे. पेन्शन असलेल्या घराने गाडी भरून तोच माल आणावा आणि त्यांचा भाव पाडावा, हे मला मुळीच पटणार नाही. त्यांच्या शेजारी बसा आणि आपल्या परसातलं विका: नारळ, सुपारीचे कातरे, केळीचे घड, पातोळ्यांसाठी हळदीची पानं. चतुर्थी उजाडली की कातऱ्यांना कोणी विचारत नाही, पानं सुकतात. नारळ तेवढे घरी परत आणता येतात. तेव्हा नारळ जास्त, बाकी सगळं बेताने.

बसायच्या जागेची चौकशी नगरपालिकेत आधीच करा. सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, भरल्याची पावती जपून ठेवा. मिरचीचा काटा वजनमापे खात्याचा शिक्का असलेलाच हवा. आणि आई, दिवसभर पाणी न पिता बसायची तुझी खोड इथे चालणार नाही. दुपारी मामाकडे जाऊन जेव, घटकाभर पड. तोवर बाबा बसतील. शेवटचे दोन दिवस मी रजा घेऊन येतो.

नारळ पाडायला पाडेल्याला मात्र आताच सांगून ठेवा. चतुर्थी जवळ आली की तो सगळ्यांनाच हवा असतो, आणि भिजलेल्या माडावर घाईने त्याला चढवायला नको.