चौरस फुटात न मावणारं घर



‘मामा, सध्या बांधकामाचा भाव काय चाललाय?’ असं तू फोनवर विचारलंस. प्लॉट घेतलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, आणि गल्लीतला मिस्त्रीही चहाचा घोट घेता घेता एक आकडा सांगून मोकळा होतो. पण हा भाव कोणत्या चौरस फुटाचा? राहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फरशीचा फूट असतो, नकाशात बिल्टअप असतो आणि ठेकेदार बहुधा स्लॅब मोजतो. त्यात पोर्च, बाल्कनी, जिन्यावरचा स्लॅब असं सगळं येतं. टेप कुठून कुठवर धरायचा, हे भावाआधी ठरवायचं.

टेप ठरला तरी भावात काय काय येतं, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जंगलात धबधब्यावर बांधलेल्या ‘फॉलिंगवॉटर’चा फोटो तू कुठेतरी पाहिला असशील. मालक पिट्सबर्गचे डिपार्टमेंट स्टोअरवाले एडगर कॉफमन, आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट. सुरुवातीचा अंदाज होता ३५ हजार डॉलरच्या आसपास. १९३९ साली पाहुण्यांचं घर पुरं होईपर्यंत आकडा १ लाख ५५ हजारांवर गेला. त्याची फोड बघ. मुख्य घर ७५ हजार. पाहुण्यांचं घर, गॅरेज, नोकरांच्या खोल्या मिळून ५० हजार. आतली सजावट आणि सामान २२ हजार, राइटची फी ८ हजार. ज्याला आपण ‘घर’ म्हणतो, त्यावर निम्मासुद्धा पैसा लागला नाही!

आपल्याकडे प्रमाण इतकं टोकाचं नसतं, पण कंपाउंड, गेट, बोअर, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, वीजजोडणी, परवानगीचं शुल्क, खिडक्यांची ग्रिलं, किचनच्या ट्रॉल्या यांतलं ठेकेदाराच्या भावात नेमकं काय धरलंय, हे त्याच्याकडून कागदावर घ्यावं. ‘ते बघू नंतर’ असं तो म्हणाला, की ते आपल्याच खिशातून जाणार.

जमिनीखालचा खर्च तर चौरस फुटात दिसतच नाही. तुझा प्लॉट काळ्या मातीत आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; पाया खालच्या घट्ट मुरमापर्यंत न्यावा लागतो. मामाच्या घराच्या वेळी पाच फुटांचा अंदाज होता, मुरूम लागला नऊ फुटांवर. कॉलमचे खड्डे तेवढे खोल गेले, सळई-सिमेंट वाढलं आणि मामीच्या मनातली सागवानी दारं तिथेच मातीत गेली. चूक कुणा ठेकेदाराची नव्हती. आधी खड्डा घेऊन बघायचं मामालाच सुचलं नाही. जोत्याचंही तसंच. हजार चौरस फुटांचं जोतं तीन फूट उचलायचं, तर साधारण तीस ब्रास भरणी, आणि मुरूम धुमसल्यावर खाली बसतो म्हणून त्याहून जास्तच.

राइटचंच दुसरं घर तुझ्या जास्त कामाचं. मॅडिसनचे पत्रकार हर्बर्ट जेकब्स त्याच्याकडे ५ हजार डॉलरचं घर मागायला गेले. १९३७ साली ते ५,५०० मध्ये उभं राहिलं, त्यात ४५० डॉलर राइटची फी. गॅरेजऐवजी नुसतं छप्पर केलं, रेडिएटर न लावता गरम पाण्याचे नळ जमिनीखालून फिरवले. अशा काही गोष्टी वगळून त्याने खर्च आवरला. तुझ्या नकाशातल्या त्या गोल बाल्कनीकडे या नजरेने एकदा बघ. गोलाईच्या सेंट्रिंगला मजुरी जास्त पडते.

मालाचा ढोबळ ताळा असा : हजार चौरस फूट आरसीसी बांधकामाला चारशेच्या आसपास सिमेंटच्या गोण्या आणि साडेतीन ते चार टन सळई. यापेक्षा फारच कमी दाखवणाऱ्या कोटेशनवाल्याला कारण विचारावं. जुनं कोटेशन मात्र जसंच्या तसं धरू नकोस. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय.

रविवारी येताना नकाशा आणि कोटेशन दोन्ही घेऊन ये. जेसीबीवाल्याला सकाळी आठला प्लॉटवर बोलावलंय. दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघू, मग मामीच्या हातचं जेवू.

तुझा,
मामा