कोंबडीच्या आतड्यातील परोपजीवी

बेंगळूर शहराच्या उत्तरेस असलेल्या हेब्बाळ येथे १९५८ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यास जे विषय शिकावे लागतात, त्यांपैकी परोपजीवीशास्त्र हा एक होय. अंडी देणारी कोंबडी रोडावली, तिचा तुरा फिका पडला आणि अंडी कमी झाली, म्हणजे या शास्त्राचे साहाय्य घ्यावे लागते.

कोंबडीच्या लहान आतड्यात आढळणारा सर्वांत मोठा गोलकृमी म्हणजे ॲस्करिडिया गॅली. याची मादी १० सेंटिमीटरांहूनही लांब होऊ शकते. तिची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ती तत्काळ बाधक नसतात. ऊब व ओलावा मिळाल्यास सुमारे दोन आठवड्यांत त्यांच्यात अळी तयार होते. दाणे टिपताना कोंबडी ही अंडी गिळते. अळी काही दिवस आतड्याच्या अस्तरात शिरून राहते व तेथे इजा करते. पुढे तिचा प्रौढ कृमी होतो, आणि पाच ते आठ आठवड्यांत नवी अंडी विष्ठेत दिसू लागतात. बेंगळूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथील हवा सौम्य असून पाऊस दोन्ही मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. अशा हवेत ओलसर जमिनीवर कृमींची अंडी दीर्घकाळ जगतात.

पट्टकृमींची रीत निराळी आहे. त्यांना मुंगी, भुंगेरा किंवा माशी असा मध्यस्थ लागतो. हा कीटक कोंबडीने खाल्ला की कृमी तिच्या आतड्यास चिकटतो. त्याचे सुटलेले खंड विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे दिसतात. तिसरा शत्रू आयमेरिया हा एकपेशीय जीव होय. कोंबडीत त्याच्या सात जाती आढळतात व प्रत्येक जात आतड्याचा ठराविक भाग निवडते. पिलांना होणारी रक्ती हगवण यांच्यामुळेच होते.

येथेच पाळणाऱ्याची मोठी चूक होते. लक्षणे सारखी दिसली, तरी औषधे सारखी नसतात. पिपेराझिनमुळे प्रौढ गोलकृमी बाहेर पडतात. परंतु पट्टकृमी व आयमेरिया यांवर त्याचा उपयोग होत नाही. औषध व्यर्थ जाते आणि दरम्यान कळप खंगतो. म्हणून प्रथम विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्यावी. औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे, आणि त्यानंतर किती दिवस अंडी विकू नयेत हेही त्यांना विचारावे.

पिंजऱ्यात कोंबडीचा विष्ठेशी संबंध तुटतो. त्यामुळे गोलकृमी पुष्कळ कमी होतात. युरोपीय संघाने २०१२ पासून जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यांवर बंदी घातली. कोंबड्या पुन्हा जमिनीवर आल्या, तशी या कृमींची चिंताही परतली. जमिनीवर कोंबड्या पाळणाऱ्याने भुशाची गादी कोरडी राखावी, पाण्याची भांडी गळू देऊ नयेत व पिले प्रौढ कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत. औषधाने आतडे स्वच्छ होते. जमीन मात्र कोरडेपणानेच निर्धोक होते.