‘खलास’ ऐकून घाबरू नका
(कोल्हापुरातून आखातात येणाऱ्यांसाठी, दुबई-शारजा-कुवेतला मुरलेल्या काही घरांकडून)

पहिला धडा आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी दिला. रक्त काढून झालं, सुई ओढत नर्स म्हणाली, "खलास." सासूबाईंनी डोळे मिटून अंबाबाईचं नाव घेतलं. इथे खलास म्हणजे झालं, आटपलं, एवढंच. शब्द आपल्याकडे अरबीतूनच आला, कोल्हापूरला पोचेपर्यंत माणसं मारायला शिकला. तोच लांबवून ‘खलाऽऽस’ आला की मात्र समोरचा वैतागलाय. घासाघीस तिथंच सोडा.

किळस आली की आखाती पोरं ‘वअ्!’ करतात, लेबनॉन-सीरियाकडची ‘यअ्!’. शेवटचा आवाज घशाच्या तळातून येतो, तो जमवायच्या भानगडीत पडू नका. शेजारचं पोर कारल्याच्या भाजीकडं बघून ‘वअ्’ म्हणालं, तर आम्ही त्याला पाण्याचा पेला दिला. वॉटर मागतंय वाटलं.

‘उफ्’ आपल्याला सिनेमातून ठाऊक. इथे थोरामोठ्यांसमोर जपून. कुराणाच्या सतराव्या सुरेतली 23 वी आयत आईबापांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नका असं बजावते, आणि ती बहुतेकांना पाठ असते. तुमच्या पोरानं आजीला ‘उफ्’ केलं तर शेजारीण आधी दचकेल.

इजिप्तचा सहकारी ‘इख्स अलेक’ म्हणाला तर अर्थ ‘लाज वाटत नाही?’, न जेवता निघालात तरी म्हणेल, मनावर घेऊ नका. ‘तुझ्झ’ म्हणजे ‘गेलं उडत’. कळलं तरी पुरे, तोंडात नको. भाविक माणूस ट्रॅफिकमध्ये तुंबला की ‘अस्तगफिरुल्ला’ पुटपुटतो, देवाची माफी मागतो आणि हॉर्नही वाजवतो.

सगळ्यात फसवा तो ‘च्’. आपण हळहळलो की च् च् करतो. लेबनीज दुकानदार भुवया उंचावून एकदाच ‘च्’ करतो, म्हणजे ‘नाही’. ओला नारळ विचारायला गेलेला आमचा एकजण, हा आपली कीव करतोय म्हणून तणतणत घरी आला.

राहता राहिली कोल्हापुरी शिवी. भावाला प्रेमानंच देतो, मान्य. पण अमिरातीत 2021 च्या सायबर कायद्यानं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अपमानालाही तुरुंग किंवा अडीच ते पाच लाख दिरहम दंड होऊ शकतो, आणि तालमीच्या ग्रुपवरचा मेसेज इथूनच गेलेला असतो. अगदीच राहवलं नाही तर ‘छ्या!’ म्हणा. ते अजून इथं कुणाला कळलेलं नाही.