बॅट कोणती घ्यावी?

मुलांनो, रविवारी वर्ग सुटला की तुम्ही सगळे हॉलमधल्या टेबल टेनिसच्या टेबलाकडे धावता. "काका, बॅट वाईट होती म्हणून हरलो," असं तिथे हमखास ऐकू येतं. बाई म्हणाल्या, मग त्यावरच लिहा. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, तेव्हा आकडे जरा जास्त येतील, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत भरली होती. तेव्हा बहुतेकांची बॅट म्हणजे लाकडी फळी आणि तिच्यावर दाणेदार रबर. चेंडू लागला की 'टक्' असा आवाज व्हायचा आणि त्यावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज यायचा. जपानचा हिरोजी सातो मात्र जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. आवाजच येईना! भलेभले गोंधळले आणि सातो पुरुष एकेरीत जगज्जेता झाला. पुढे १९५९ मध्ये स्पंजावर बंधन आलं. आजही एका बाजूचा स्पंज, रबर आणि गोंद मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या वर चालत नाही.

बॅटच्या आकारावर किंवा वजनावर मात्र नियमाने काही बंधन नाही, ही गंमतच आहे. फळी सपाट हवी आणि तिची निदान ८५ टक्के जाडी नैसर्गिक लाकडाची हवी. उरलेल्यात कार्बनचे धागे घालता येतात. अशी फळी कडक असते, चेंडू तिच्यावरून चटकन सुटतो. जाड स्पंजही वेग वाढवतो. चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, त्यामुळे एवढ्याशा फरकानेही तो भलतीकडे जातो.

इथेच मी चुकलो. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिची पहिली स्पर्धा आली. कॉम्प्युटर घेताना आपण वेग बघतो, तसा मी पाकिटांवरचा वेगाचा आकडा बघितला आणि कार्बनची फळी, २.१ मिलिमीटर स्पंज अशी महागडी बॅट आणली. टेबल २.७४ मीटर लांब, आणि हिचा चेंडू रोज त्याच्याही पलीकडे! चेंडू टेबलावर राहावा म्हणून ती हात आखडून नुसतं ढकलू लागली. दोन वर्षं घोटलेला फोरहँड तीन महिन्यांत गेला. एके दिवशी गाडीत म्हणाली, "बाबा, मला आता खेळायचंच नाही." मी गप्प बसलो. बोलणार काय?

कोचने साध्या लाकडाची पाच थरांची फळी आणि दोन्ही बाजूंना १.८ मिलिमीटर स्पंजाचं मऊ रबर दिलं. हात मोकळा व्हायला पुढे अख्खा हिवाळा गेला. तुम्ही नवशिके असाल तर अशीच बॅट घ्या, १.५ मिलिमीटरही चालेल. मूठ दुकानात हातात धरून बघा. मनगट अवघडलं तर ती बॅट तुमची नाही.

"सरावाला एक आणि स्पर्धेला दुसरी घेऊ का?" असं पालक विचारतात. नको. परीक्षेला कोणी नवं पेन नेतं का? जिच्यावर घाम गाळलात तीच बॅट स्पर्धेला न्या. जमलं तर अगदी तशीच दुसरी जवळ ठेवा, कारण सामना सुरू झाल्यावर बॅट बदलता येत नाही; अपघाताने पार निकामी झाली तरच बदलता येते. आमची जादा बॅट दुकानातली स्वस्त, तयार बॅट होती. एका स्पर्धेत पंचांनी ती उलटसुलट करून परत दिली. रबरावर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेची खूणच नव्हती! घेतानाच ती बघा, मुठीजवळ छापलेली असते. रंगही तपासा. एक बाजू काळी हवीच. दुसरी पूर्वी लाल असावी लागे, २०२१ पासून गुलाबी, जांभळी, हिरवी किंवा निळीही चालते. दोन बाजूंना वेगवेगळी रबरं असली तर चेंडू कशाने मारला हे समोरच्याला कळावं, म्हणून हा नियम.

रबरावर धूळ बसली की फिरकी कमी होते. खेळून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, आणि बॅट उन्हात तापलेल्या गाडीत टाकून जाऊ नका.

पुढच्या रविवारी आपापली बॅट घेऊन या. मी वजनकाटा आणतो. कोणाची किती भरते ते मराठीत मोठ्याने सांगायचं, "वन सेव्हंटी" चालणार नाही!